ऑर्गनवाला डॉक्टर

ऑर्गन हा शब्द आपल्या झाडीपट्टीला नवा नाही. दिवाळी झाली, धान निघालं, की गावोगावी मंडई भरते आणि रात्री वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांची नाटकं लागतात. स्टेजच्या पुढे खाली तबलेवाला आणि ऑर्गनवाला बसलेले असतात. पडदा पडतो, नट आत जातात, लोक चहाला उठतात, लेकरं आईच्या मांडीवर झोपून जातात. ऑर्गनवाला मात्र जागचा हलत नाही. त्याच्याकडे कोणी बघत नाही, पण त्याचा सूर हलला तर गाणाऱ्याची पंचाईत होते.

चर्चमधला मोठा ऑर्गन म्हणजे या पायपेटीची पणजीच म्हणा ना! भिंतभर उभ्या नळ्या, काही बोटाएवढ्या तर काही दोन माणसं उंच. भात्यातली हवा नळीत शिरली की नळी बोलते. वीज नव्हती तेव्हा भाता मारायला वेगळा माणूस ठेवावा लागे. वाजवणाऱ्यासमोर पट्ट्यांच्या दोन-तीन रांगा, एकीवर एक. बाजूला ओढायच्या खुंट्या, एक ओढली की बासरीसारखा आवाज, दुसरी ओढली की तुतारीसारखा. आणि खाली पायांसाठी लाकडी पट्ट्यांची आणखी एक रांग. म्हणजे दोन हात आणि दोन पाय, चौघांचं काम वेगवेगळं, आणि लक्ष पाचवीकडेच, प्रार्थना कुठवर आली तिकडे. एका शेगडीवर वरण, दुसरीवर पोळी, कडेवर लेकरू आणि दारात दूधवाला सांभाळणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला नको.

या माणसाचं रोजचं आयुष्य काही फार चमकदार नसतं. रविवारी सगळ्यांच्या आधी पोचायचं, थंडीत बोटं चोळत बसायचं, सगळे गेल्यावर शेवटी निघायचं. बारसं असो, लग्न असो की मयत, हा हजर पाहिजेच. बहुतेक ठिकाणी त्याची पाठच लोकांना दिसते. असाच एक ऑर्गनवाला पुढे जगभर ओळखला गेला, पण लोकांना तो आठवतो डॉक्टर म्हणून, आफ्रिकेच्या जंगलात दवाखाना घालणारा म्हणून. अल्बर्ट श्वाइट्झर. हे नाव आपल्याकडे बाबा आमट्यांच्या संदर्भात अनेकदा निघतं. कुष्ठरोग्यांचं काम, जंगल, नदी, सगळं सारखंच वाटतं. पण मला या माणसात जास्त रस वाटला तो त्याच्या ऑर्गनमुळे, आणि त्याच्या बायकोमुळे.

अल्बर्टचा जन्म १४ जानेवारी १८७५ चा, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या दिवसांतला. अल्सास नावाच्या प्रांतातलं कायझर्सबर्ग हे त्याचं जन्मगाव. हा प्रांत तेव्हा जर्मनीत होता, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये गेला. सीमेवरच्या लोकांचे हाल कसे असतात ते आपल्याला बेळगावकडच्या माणसांकडून कळतंच. वडील पाद्री. अल्बर्ट अगदी तान्हा असताना कुटुंब जवळच्या गुन्सबाख या खेड्यात राहायला आलं. आईचे वडीलही पाद्री होते आणि ऑर्गनवेडे. नवीन गावी गेले की पहिल्यांदा तिथला ऑर्गन बघायचे. नातवात हे वेड आजोळकडून आलं.

पाचव्या वर्षी वडिलांनी त्याला पियानोवर बसवलं. शाळेत गायन शिकवणाऱ्या बाई पेटीवर एका बोटाने चाल वाजवत. ह्याने वर्गात विचारलं की तुम्ही सगळ्या बोटांनी का नाही वाजवत, आणि स्वतः बसून सगळ्या सुरांसकट वाजवून दाखवलं. मग बाईंचा चेहरा पाहून त्याच्या लक्षात आलं की त्यांना तसं येतच नाही. आपल्याला सोपं वाटतं ते दुसऱ्याला येत नसू शकतं, याची त्याला लाज वाटली. असा तो हळवा पोर होता. गावातल्या एका मुलाशी कुस्ती झाली, अल्बर्ट जिंकला. हरलेला मुलगा म्हणाला की मलाही आठवड्यातून दोनदा मटणाचा रस्सा मिळाला असता तर मीही जिंकलो असतो. त्या दिवसापासून अल्बर्टला घरचा रस्सा गोड लागेना. पुढे आईवडिलांनी ओव्हरकोट शिवला तर तोही घालेना, कारण गावातल्या पोरांकडे नव्हता. त्यापायी मारही खाल्ला, पण कोट काही घातला नाही.

आठव्या वर्षी ऑर्गन शिकायला लागला तेव्हा पाय पट्ट्यांपर्यंत जेमतेम पोचत होते. नवव्या वर्षी गावच्या चर्चमध्ये नेहमीचा वाजवणारा नव्हता, त्याच्या जागी याला बसवलं. नऊ वर्षांचं पोर आणि सगळं गाव त्याच्या सुरावर गातंय!

शिक्षणासाठी पुढे म्युलूझ या शहरात एका नातेवाईक आजी-आजोबांकडे राहावं लागलं. आजीबाई कडक शिस्तीच्या. जेवण झालं की शाळा भरेपर्यंत पियानो, संध्याकाळी अभ्यास झाला की परत पियानो. पोराला उनाडायचं असायचं, पण त्यांचं एकच पालुपद की पुढेमागे हे कुठे उपयोगी पडेल ते तुला आज नाही कळायचं. त्या बिचारीला तरी काय ठाऊक की या बोटांच्या कमाईवर एक दवाखाना उभा राहणार आहे! अशा आज्या-मावश्यांची नावं चरित्रात एखाद्या ओळीत येतात आणि जातात. मी मात्र तिथे थांबले.

म्युलूझच्या चर्चमध्ये ऑयगेन म्युंख नावाचे ऑर्गनवादक होते. सुरुवातीला त्यांना हा विद्यार्थी डोकेदुखी वाटे. सराव करायचा नाही, मन लावायचं नाही. एकदा त्यांनी चांगलंच सुनावलं, तेव्हा याने हट्टाने एक चीज तयार करून आणली आणि अशी वाजवली की गुरुजी काही न बोलता खांद्यावर हात ठेवून राहिले. सोळाव्या वर्षी त्यांच्या जागी रविवारची प्रार्थना वाजवायची परवानगी मिळाली. म्युंख १८९८ मध्ये टायफॉईडने तरुणपणीच गेले. अल्बर्टने छापलेलं पहिलं लिखाण म्हणजे या गुरूवर लिहिलेली लहानशी पुस्तिका.

१८९३ साली पॅरिसला शार्ल-मारी विडोर यांच्याकडे जायचा योग आला. सेंट सुल्पिस या चर्चचे ते ऑर्गनवादक. तिथल्या ऑर्गनला पट्ट्यांच्या पाच रांगा आणि शंभर खुंट्या! विडोर सहसा बाहेरचे विद्यार्थी घेत नसत, पण याचं वाजवणं ऐकून घेतलं. पुढे याच गुरूला शिष्याने एक गोष्ट शिकवली. बाख हा जर्मन संगीतकार सर्व ऑर्गनवाल्यांचा देव. तोही चर्चमध्ये वाजवूनच पोट भरणारा आणि मोठा संसार ओढणारा माणूस, १७५० मध्ये गेला. त्याच्या काही रचना विडोरना कोड्यासारख्या वाटत. इथे सूर एकदम खाली का कोसळतो, तिथे घाई का होते? अल्बर्टने सांगितलं की या रचना ज्या भजनांवर बेतल्या आहेत त्यांचे शब्द बघा. शब्दात दुःख असेल तिथे सूर पायऱ्या उतरतो. फ्रेंच गुरूला ती जर्मन भजनं माहीत नव्हती. खेड्यातल्या पाद्र्याच्या मुलाला ती तोंडपाठ होती, लहानपणापासून दर रविवारी गायलेली आणि वाजवलेली. त्यातूनच बाखवरचं पुस्तक झालं, १९०५ मध्ये फ्रेंचमध्ये, आणि १९०८ मध्ये दुप्पट मोठं होऊन जर्मनमध्ये. मोठमोठ्या पंडितांना जे दिसलं नाही ते रविवारच्या नेहमीच्या कामाने त्याला शिकवलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. १८९६ साली, एकवीस वर्षांचा असताना, सुट्टीत गुन्सबाखच्या घरी सकाळी जाग आली आणि त्याला वाटलं की आपल्याला हे एवढं सुख फुकट मिळालंय, याची परतफेड करायला हवी. तिथल्या तिथे ठरवलं की तिसाव्या वर्षापर्यंत अभ्यास आणि संगीत, त्यानंतर माणसांची सेवा. अशा प्रतिज्ञा एकविसाव्या वर्षी पुष्कळ जण करतात हो! पण याने पाळली. तोपर्यंत तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट झाली होती, धर्मशास्त्राचा प्राध्यापक झाला होता, स्ट्रासबर्गच्या सेंट निकोलस चर्चमध्ये पाद्री होता आणि पॅरिसच्या बाख सोसायटीच्या मैफलींत ऑर्गन वाजवत होता. १९०४ मध्ये एका मिशनच्या मासिकात वाचलं की आफ्रिकेत गॅबॉनला माणसं कमी पडतात. तिसावं वर्ष पूर्ण झालं आणि प्राध्यापकसाहेब पहिल्या वर्षाच्या पोरांबरोबर मेडिकलला जाऊन बसले.

घरात, मित्रांत एकच गदारोळ. विडोर तर रागावलेच. एवढ्या गुणी माणसाने जंगलात जाणं म्हणजे सेनापतीने बंदूक घेऊन खंदकात उतरण्यासारखं आहे असं त्यांचं म्हणणं. ते सात वर्षं कसे जगले असतील देव जाणे. दिवसा मेडिकल, मध्येच विद्यार्थ्यांना शिकवणं, रविवारी प्रवचन, आणि मैफल असली की रात्रीच्या गाडीने पॅरिस. शेवटच्या परीक्षेची फी कशी भरली माहीत आहे? म्युनिकच्या एका संगीत महोत्सवात विडोर यांच्या रचनेत ऑर्गन वाजवून मिळालेल्या पैशातून. रागावलेल्या गुरूच्याच सुरांनी शेवटी शिष्याला डॉक्टर केलं.

इथे हेलेन ब्रेसलाऊ येते. इतिहासाच्या प्राध्यापकाची मुलगी, स्वतः शिकलेली. स्ट्रासबर्ग शहरात अनाथ मुलांची देखरेख करणारी निरीक्षक म्हणून तिने १९०५ पासून चार वर्षं काम केलं. घरोघरी जायचं, मुलं कशी आहेत बघायचं. आपण वस्तीत फिरतो ना, तसंच. श्वाइट्झरांची हस्तलिखितं तपासून देणं हेही तिच्याकडेच. त्यांनी आफ्रिकेचं ठरवलं तेव्हा ही नर्सिंग शिकायला गेली. लग्न झालं १८ जून १९१२ ला, ती तेहतीस वर्षांची असताना.

१९१३ च्या गुड फ्रायडेला दोघं गुन्सबाखहून निघाले आणि १६ एप्रिलला ओगोवे नदीच्या काठी लांबारेनेला पोचले. विषुववृत्ताजवळचं दाट जंगल, नदी हाच रस्ता, होडी हेच वाहन. आपल्या भामरागडला पावसाळ्यात काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना चित्र उभं करायला वेळ लागणार नाही. दवाखान्याला जागा नव्हती, म्हणून एका जुन्या कोंबड्यांच्या खुराड्याला चुना मारून तिथे काम सुरू केलं. पहिल्या नऊ महिन्यांत जवळजवळ दोन हजार रोगी! हिवताप, निद्रारोग, कुष्ठरोग, जखमा, हर्निया. रोज सकाळी दुभाषा मोठ्याने नियम सांगायचा, की दवाखान्याजवळ थुंकू नये, मोठ्याने बोलू नये, दिवसभराचं खाणं सोबत आणावं, औषधाच्या बाटल्या परत कराव्या. बाटल्यांची इतकी टंचाई होती. जोसेफ नावाचा मदतनीस आधी स्वयंपाकी होता. तो रोग्याच्या शरीराचे अवयव खाटकाच्या दुकानातल्या नावांनी सांगायचा. हेलेन ऑपरेशनची हत्यारं उकळायची, पट्ट्या धुवायची, भूल द्यायची आणि घरही बघायची. रोग्यासोबत घरचे येऊन राहत, चुली मांडून रांधत. डॉक्टरांनी ते मोडलं नाही. आपल्याकडे हेमलकसाला १९७३ पासून डॉ. प्रकाश आणि मंदाताई आमट्यांनी काम सुरू केलं तेव्हा, आणि शोधग्रामला डॉ. अभय आणि राणीताई बंगांनी आदिवासींना विचारून झोपड्यांचा दवाखाना बांधला तेव्हाही, हीच समज होती, की माणूस आपल्या माणसांतच बरा होतो.

पण ऑर्गनचं काय झालं? निघताना श्वाइट्झरांनी मनाशी धरलं होतं की आता संगीत संपलं. बोटं हळूहळू गंजतील, गंजू द्यावी. पॅरिसच्या बाख सोसायटीने मात्र निरोप देताना एक पियानो भेट दिला, वाळवी आणि दमट हवेला टिकेल असा मुद्दाम बनवलेला, जस्ताच्या पेटीत बंद, आणि खाली ऑर्गनसारख्या पायपट्ट्या जोडलेल्या. एका झाडाच्या खोडातून कोरलेल्या प्रचंड डोंग्यातून तो नदीवरून आणला. एका संध्याकाळी दुःखी मनाने बाख वाजवताना डॉक्टरांच्या लक्षात आलं की इथे तर घाई नाही, मैफल नाही, कुणाला खूश करायचं नाही. रोज अर्धा तास मिळाला तरी एकेक रचना मुळापासून बसवता येईल. मग रोजचा नेम झाला. दिवसभराचे रोगी संपले, जेवण झालं, की दिव्याच्या उजेडात, बाहेर रातकिडे आणि आत बाख.

माझ्या बचत गटाच्या कामात मला एक ताई भेटल्या होत्या. लग्नाआधी पेटीच्या चार परीक्षा दिलेल्या. पेटी माळ्यावर होती, वीस वर्षं. घरात कुणी नको म्हटलं नव्हतं, बरं का. त्यांनीच ठरवलं होतं की संसार आला, आता ते सोडायचं असतं. ही गोष्ट वाचताना मला त्या सारख्या आठवत होत्या.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. गॅबॉन फ्रेंचांचं आणि हे दोघं जर्मन नागरिक, म्हणजे शत्रू. आधी घरातच पहारा, मग १९१७ मध्ये कैदी म्हणून फ्रान्सला रवानगी. दरम्यान १९१६ मध्ये गुन्सबाखजवळ रस्त्यावर सैन्याच्या घोड्यांखाली सापडून डॉक्टरांची आई गेली होती. छावणीत पियानो कुठला? एक टेबल मिळालं. टेबल म्हणजे हाताच्या पट्ट्या, जमीन म्हणजे पायाच्या पट्ट्या. तिथे बसून हा माणूस तासन्‌तास मुका ऑर्गन वाजवायचा. लहानपणी असंच खेळायचे, तेच कामी आलं. १९१८ मध्ये सुटका झाली तेव्हा दोघांच्याही तब्येती ढासळलेल्या आणि डोक्यावर दवाखान्याचं कर्ज. १४ जानेवारी १९१९ ला, बापाच्याच वाढदिवशी, मुलगी झाली. रेना तिचं नाव.

कर्ज फेडलं ऑर्गननेच. १९२० मध्ये स्वीडनच्या आर्चबिशपनी व्याख्यानांना बोलावलं आणि फिरून मैफली करायचा मार्ग सुचवला. बोटं गंजली नव्हती! पुढची तीस-पस्तीस वर्षं हाच क्रम. युरोपात यायचं, गावोगावच्या चर्चमध्ये वाजवायचं, तिसऱ्या वर्गाने फिरायचं आणि जमलेल्या पैशातून औषधं, कापूस, पत्रे घेऊन परत जंगल. प्रत्येक गावचा ऑर्गन निराळा, म्हणून कार्यक्रमाआधी कितीतरी तास एकटे बसून त्याची ओळख करून घ्यायचे. जुने ऑर्गन मोडून नवे कारखान्यातले बसवायची तेव्हा टूम निघाली होती. श्वाइट्झरांनी त्याविरुद्ध लिहिलं, पत्रं पाठवली, जुने दुरुस्त करायला लावले. स्ट्रासबर्गच्या सेंट थॉमस चर्चचा अठराव्या शतकातला ऑर्गन त्यांच्यामुळे वाचला. १९३५-३६ मध्ये त्यांच्या वादनाच्या रेकॉर्डही निघाल्या.

हे सगळं वाचायला फार छान वाटतं. पण फेब्रुवारी १९२४ मध्ये डॉक्टर परत लांबारेनेला गेले ते एकटे. हेलेनला क्षयाने घेरलं होतं, तिथली हवा तिला सोसणारी नव्हती. तिने जाऊ दिलं. रेना तेव्हा पाच वर्षांची होती, वडील परत भेटले तेव्हा आठ. ज्या कामासाठी ही बाई नर्स झाली, ज्या कामाचा पाया तिने बरोबरीने घातला, ते काम तिच्याशिवाय वाढत गेलं. जगात नाव झालं ते एकाचं. ती जर्मनीत मुलीला वाढवत राहिली, ती ज्यू घराण्यातली म्हणून १९३३ नंतर तिथूनही निघावं लागलं. मधल्या काळात एकदोनदा लांबारेनेला जाऊन आली, पण फार टिकता आलं नाही. आणि १९४१ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, साठी ओलांडलेली ही आजारी बाई पोर्तुगालवरून, अंगोलावरून मजल दरमजल करत जंगलात नवऱ्याच्या दवाखान्यात जाऊन पोचली आणि १९४६ पर्यंत तिथे काम केलं. मला विचाराल तर लांबारेनेच्या सगळ्या कथेतली सर्वांत धीराची गोष्ट हीच.

डॉक्टरांवर टीकाही झाली आणि ती सगळी खोटी नाही. आफ्रिकेच्या माणसाला ते भाऊ मानत, पण धाकटा. म्हणजे ठरवणार मोठा भाऊच. आपल्याकडेही आदिवासींच्या भल्याचं बोलताना शहरातून आलेल्या माणसांच्या तोंडी हा सूर येतो, तेव्हा मला तो खटकतो, इथेही खटकला. काळ बदलला, गॅबॉन १९६० मध्ये स्वतंत्र झाला, तरी दवाखाना बराचसा जुन्याच पद्धतीने चालू राहिला. पण हेही खरं की दुसरं कुणी जायला तयार नव्हतं तेव्हा ते गेले होते आणि नव्वदीपर्यंत राहिले.

१९५२ चं शांततेचं नोबेल त्यांना जाहीर झालं ते १९५३ मध्ये. पैसे कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला लावले. आपल्या वरोड्यात बाबा आणि साधनाताईंनी महारोगी सेवा समिती १९४९ साली सुरू केली, म्हणजे साधारण एकाच सुमाराला, दोन जंगलांत, एकाच रोगासाठी घरं उठत होती. १९५७ मध्ये अणुचाचण्यांविरुद्ध त्यांचं निवेदन ओस्लोच्या रेडिओवरून जगभर गेलं. त्याच वर्षी १ जूनला हेलेन झुरिकला गेली. तिच्या अस्थी लांबारेनेला आणून पुरल्या.

डॉक्टर गेले ४ सप्टेंबर १९६५ ला, तिथेच, आणि त्यांना तिच्या शेजारी ठेवलं. त्यांच्यामागे दवाखान्याचा कारभार हातात घेतला तो रेनाने. प्रयोगशाळेचं काम शिकून ती आधीच तिथे जाऊन राहिली होती.